पूनमसिंगचा कोठा माझ्या नावावर कसा चढला

मु. खैरखेडा, पोस्ट राळेगाव
मार्गशीर्ष महिना (तिथी विमलले माहीत नाही, मी विसरली, आणि तुले विचारण्यात अर्थ नाही)

चिरंजीव सदाशिव यास,

तुझी थोरली बहीण तानाबाई हिचे पोटभर आशीर्वाद. तुले एक बहीण हाये, हे आठवत असंन असं धरून चालते. भाऊबीजेले आलतास, ओवाळून घेतलं, अनारसे खाल्ले, ओवाळणी टाकायची विसरलास आणि माझं तबक मात्र थैलीत घालून मारेगावले घेऊन गेलास. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? बायकोचं डोकं दुखायचं थांबलं का? (ते तुझ्यापायी दुखते, वैद्य बदलून उपयोग नाही.) इकडे आम्ही सारे खुशाल. सून विमल खुशाल, नातू गुलाब खुशाल, गाय गाभण, आणि मी सरकारच्या वहीत मोठी पाटलीन होऊन बसली. हे कसं झालं ते सांगते. पत्र विमल लिहून राह्यली. चौथी पास हाये, पण मधात मधात थांबून "सासूबाई, हे लिहू का?" असं विचारते. लिही म्हणलं. सारं लिही.

झालं ते तुझ्या पोस्टकार्डानं झालं. तू लिहिलंस की गुलाबसाठी किसनरावाची पोरगी पाह्यली, घराणं चांगलं, आठ खणाचं घर, दोन विहिरी, आणि ते अन् आणखी एक असे दोघं जण मंगळवारी आपलं घर पाहाले येतीन. बावा, मंगळवार वर्षातून बावन्न येतात! कोणता, ते लिहायचं राह्यलं. मी म्हणलं, येणाराच मंगळवार असंन. मंग काय, सोमवारी सारं घर पोतेऱ्यानं पोतारलं, ओसरीले चुना दिला, गुलाबची दाढी करवली. आपलं घर किती खणाचं ते तुले ठाऊक हाये. चार. त्यातल्या एका खणात ढेप अन् सरकी, म्हणजे माणसाले तीनच. पण सोयरीक पाहाले पाव्हणे आले की शेजाऱ्याचे बैल आपल्या दारी बांधायचे, ही काय मी काढलेली रीत नव्हे. तुझ्या लग्नाच्या वेळेस आपल्या बापानं कोणाकोणाचे बैल आणून बांधलते, ते तुझ्या सासऱ्याले अजून सांगतलं नाही मी.

तर पलीकडच्या पूनमसिंगले बोलावलं. तुले आठवत नसंन, म्हणून सांगते. याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरे, आता याचं आमच्या घराले लागून घर, मधात एक बोळ, अन् बोळाच्या पलीकडे बैल-म्हशी बांधायचा टिनाचा नवा कोठा. मी म्हणलं, "भाऊ, एक दिवस तुझी पांढरी जोडी माझ्या दारात, अन् तुझा कोठा माझ्या तोंडी, माझाच म्हणून सांगीन." तो हसला. म्हणे, "याडी, एका दिवसाचं काय, घे." (त्याच्या बोलीत आईले याडी म्हणतात. तेव्हा म्हणत होता. आता काय म्हणते ते पुढं येईन.)

मंगळवारी बारा वाजता दोघं आले. पांढऱ्या टोप्या, एकाच्या काखेत मोठी वही, दुसऱ्याच्या हातात कापडी फीत. मले जरा नवल वाटलं, पण म्हणलं मारेगावकडचे लोक बारीक नजरेचे, पोरगी द्यायची म्हणजे मोजूनच घेतीन. आपल्या बापानं मात्र मले देताना हात लावून भिंत पक्की का कच्ची, हेही पाह्यलं नव्हतं. वहीवाल्यानं विचारलं, घर कोणाचं. माझं. खण किती? आठ. (तुझ्या किसनरावाचे आठ, मंग आमचे काहून कमी?) छप्पर? मी म्हणलं, इकडे कवेलू, तिकडे टिन. तो म्हणे, तिकडचा कोठाही तुमचाच? मी म्हणलं, मंग काय सरकारचा? अन् मधला बोळ? तोही आमचाच, आम्ही लोकाले जाऊ देतो, आमचा जीव मोठा. पूनमसिंग दारातच उभा होता. त्यानं मान हलवली आणि वर आपलं घालून दिलं, "आत्ता नवे टिन टाकले बाईनं, पैशाकडे पाह्यलंच नाही!" तो फीतवाला कोपऱ्याकोपऱ्यात वाकून मोजे, अन् मी कौतुकानं पाहो. विमलनं घूंघट ओढून पोळ्या वाढल्या, वांग्याची भाजी वाढली, दोघंही दोन दोनदा घेऊन जेवले. जाताना वही पुढं केली, म्हणे अंगठा द्या. मी म्हणलं, वा! लिखापढीची सोयरीक, बोलणं फिरायची भीती नाही. मी अंगठा दिला, साक्षीले पूनमसिंगनं दिला. पोरीचं नाव मात्र कोणी काढलं नाही. मले वाटलं लाजत असतीन.

पंधरा दिवसांनी त्यातला फीतवाला पाव्हणाच एक कागद घेऊन आला. विमलनं वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. ते पाव्हणे नव्हते, सदाशिव! आपली ग्रामपंचायत नवी झाली, तिचा सेक्रेटरी आणि चपराशी घरपट्टी बसवाले आलते! आठ खण, टिनाचा कोठा, सारं माझ्या नावानं, आणि गावात सगळ्यात जास्त पट्टी माझी. सरपंचाच्या माडीपेक्षा जास्त. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसली असती. खाली दुसरा कागद. गावाच्या वहिवाटीचा बोळ मी माझ्या घरात दाबला (माझ्याच तोंडून, माझ्याच अंगठ्यानं), म्हणून बोळावर आलेली कोठ्याची पडवी पंधरा तारखेच्या आत पाडा, नाही तर पंचायत पाडीन आणि मजुरी तुमच्याकडून घेईन. म्हणजे पडवी पूनमसिंगची, पाडायची मी, आणि बोळ कोणाचा तर कोणाचाच नाही. आपल्या बापजाद्याच्या जागेवर एक काठी रोवाची तर विचारा, काढाची तर विचारा, अन् दुसऱ्याची मात्र न विचारता आपल्या नावावर चढते, हा कोणता कायदा?

पूनमसिंगकडे गेली. वाटलं डोकं धरून बसला असंन. तो खाटेवर पाय पसरून बिडी ओढत होता. मले पाहून उठून उभा राह्यला आणि हात जोडले. "या मालकीणबाई." (याडी संपली.) म्हणे, "पट्टी तुमची, पडवी तुमची, मंग कोठ्याच्या मागल्या भिंतीले भोक पडलं तेही तुमचंच. लिंपून द्या. अन् माझ्या म्हशी तुमच्या कोठ्यात बांधतो, त्याचं भाडं काय घेता ते सांगा, फक्त जरा कमी लावा, गरीब हाये मी." असा राग आला मले! पण त्याचाच साक्षीचा अंगठा माझ्या बाजूनं होता.

मंग सेक्रेटरीकडे गेली. पोरगं भलं हाये, पण त्याच्या अंगात कागद भरला. म्हणे, "आजीबाई, तुम्हीच सांगितलं, मी फक्त लिहिलं." मी म्हणलं, "अरे, मी पोरीच्या बापाले सांगितलं होतं." तो म्हणे, "पोरीच्या बापाचा रकाना आमच्या वहीत नाही." शेवटी उपाय सांगतला. पंधरा तारखेच्या आत हरकत द्यायची, की माझं घर चार खणाचं, कोठा माझा नाही, बोळ माझा नाही, मंग पडवी पाडायचा कागदही रद्द. ती हरकत चावडीच्या फळीवर डकवतीन आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचतीन. आता तूच पाय. चावडी हाये एस्टीच्या थांब्यासमोर. खरे किसनराव उतरतीन तेव्हा पहिली नजर त्याच फळीवर. गुलाबचं वय चोवीस, तीन ठिकाणी गोष्ट मोडली, आणि या पोरीचं नाव निघालं तवापासून पोट्टं बैलाशी बोलताना सुद्धा हसते. हरकत दिली तर सोयरीक जाते. नाही दिली तर पडवी जाते, शेजारी जातो, आणि जन्मभर दुसऱ्याच्या म्हशीची पट्टी मी भरते.

तरी मी ठरवलं. खोट्याच्या पायावर नातसून आणायची नाही. सोमवारी जाऊन हरकत देते. खऱ्याले मरण नाही. बाकी क्षेम. लहानाले पापा, मोठ्याले नमस्कार.

तुझी बहीण,
तानाबाई (अंगठा दिला नाही. सध्या कोणत्याच कागदावर देत नाही.)

ता. क. — पत्र टाकायचं राह्यलं (तुझीच बहीण) आणि मधात मंगळवार उलटला. तवा वरचं सोमवारचं जे लिहिलं ते मानू नको. मी गेली नाही. काल खरे किसनराव आले. फळीवर पट्टीची यादी वाचूनच आले, तोंडावर आदर दिसत होता. घर पाहाले उठलेच नाहीत. म्हणे, यादीत पाह्यलं, पुरे. पूनमसिंगनं मी न म्हणता बैल आणून बांधले, एवढं त्याचं मन. पण म्हणे, "मालकीणबाई, पंधरा तारीख विसरू नका."

ता. क. दुसरा — आता खरं काम. किसनराव जेवले, पान खाल्लं, आणि उठता उठता सहज विचारल्यासारखं करून विमलले म्हणे, "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. त्या घरपट्टीवर हरकत द्यायची मुदत सगळीकडे महिनाभराचीच असते का?" सदाशिव, आठ खणाच्या मालकाले हे कायले पाह्यजे? तर तू उद्याच त्यांच्या गावी जा. ओट्यावर चहा पिऊन परत येजो नको. आत जाजो, खण बोटानं मोजजो, दोन्ही विहिरीत वाकून पाहजो, आणि शेजारच्याले विचारजो की बैल कोणाचे. त्यांच्या पंचायतीची वही पाहजो नको. ती कशी लिहितात ते आता मले ठाऊक हाये. त्यांचेही चारच खण निघाले, तर त्यांच्या कानात सांगजो की आमचेही चारच, लाजू नका, सोयरीक पक्की. एकाच दिवशी ते तिकडे हरकत देतीन, मी इकडे देते. आणि खरंच आठ निघाले तर मले तार करजो, मंग मी पूनमसिंगच्या हातापाया पडून पडवीचं पाहीन.

ता. क. तिसरा — एस्टीच्या कंडक्टरजवळ दोन शेर बुंदीचे लाडू पाठवजो, साखरपुड्याले लागतीन. हलवायाले लहान लहान वळाले सांगजो, म्हणजे परातीत जास्त दिसतीन.