आठ मिनिटांचं मशीन

गिरीज, १० फेब्रुवारी २०२५

चि. फ्लॉईड यास अनेक आशीर्वाद.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पोस्टाला त्रास देतेय. नाताळात पप्पांच्या जुन्या कम्प्युटरवर फुकटातली झगमगीत सिस्टीम टाकून गेलास. पण आतली हार्ड डिस्क बारा वर्षांपूर्वीची, बैलगाडीच्या चालीची. बटण दाबल्यापासून लिहायला मिळेपर्यंत आठ मिनिटं जातात.

पप्पा आपल्या बोलीतले जुने शब्द टाईप करून ठेवतायत, हे तुला ठाऊक आहे. हात थरथरतो म्हणून कागद सुटला. वाडीत पाणी सोडताना रहाटाच्या एखाद्या भागाचं नाव आठवलं की लगबगीने घरात येतात, आणि मशीन चालू होईपर्यंत ते विसरतात. चालू सोडा म्हटलं तर वीज फुकट जाते म्हणून बंद करतात. मी लिहिते म्हटलं तर त्यांना स्वतःच लिहायचंय. हलकी सिस्टीम टाकून जा, नाहीतर सिस्टीम बदलायला लागणारा तुझा पासवर्ड दे.

कळावे, राग आहेच.
तुझी ताई, शर्ली

विरार, २ मार्च २०२५

ती. ताईस सा. न.

ब्लॉक केलं, कारण तू फोनवर ओरडतेस. आता पत्रातही ओरडायला लागलीस. आयटीत मी आहे, तू नाहीस. हीच सिस्टीम माझ्या लॅपटॉपवर दहा सेकंदांत उभी राहते. हलक्या सिस्टीम दिसायला भिकार असतात, माझ्या बापाला मी तसलं काही देणार नाही. नवी डिस्क बसवतो म्हटलं तर पप्पांनीच कम्प्युटरचा डबा उघडू दिला नाही. तोही दोष माझाच का?

वाडी तुझ्याकडे, पप्पा तुझ्याकडे, आता पासवर्डही हवा! तो मिळणार नाही. आठ मिनिटं थांबायला काय होतं? पप्पांना कुठे कामावर जायचंय? आणि या वयात सगळेच विसरतात.

पप्पांचा लोभ असू दे, तुझ्या लोभावाचून माझं अडत नाही.
फ्लॉईड

गिरीज, १७ ऑगस्ट २०२५

फ्लॉईड,

या वेळी आशीर्वाद नाहीत.

तुझ्या पासवर्डशिवाय काही होत नाही असं समजून मी पाच महिने गप्प बसले, हा माझा अडाणीपणा. वटारची माझी मैत्रीण विनिता म्हणाली, पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम टाकायला जुना पासवर्ड लागतच नाही. पप्पांचं सगळं लिखाण आधी कॉपी केलं आणि आम्ही डेबियन नावाची हलकी सिस्टीम टाकली. दिसायला भिकार आहे, खरंय. पण मशीन मिनिटभरात तयार होतं.

पहिल्या दिवशी पप्पांनी चार शब्द लिहिले. मी दाराआड उभी राहून रडले. पुढच्या आठवड्यात एकच लिहिला. आता रोज सकाळी बटण दाबतात, कीबोर्डवर बोटं ठेवतात आणि कोऱ्या पानाकडे बघत राहतात. मार्चमध्ये त्यांच्याकडे शब्द होते, फ्लॉईड. तेव्हा पासवर्ड दिला असतास तर ते लिहून झाले असते. हे मी तुला कधीच माफ करणार नाही.

काल अर्धा तास झाला तरी हलले नाहीत, म्हणून विचारलं, पप्पा, काय लिहायचंय? म्हणाले, जरा थांब, अजून चालू होतंय.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ. माझ्यापाशी तो उरलेला नाही.
शर्ली