दहातलं दुखणं

प्रिय ऋतुजा,

'प्रिय' एकदा खोडलं होतं, पुन्हा लिहिलं. तू माझा नंबर ब्लॉक केलास, वॉचमन मला वॉर्डाच्या दाराशीच अडवतोय, म्हणून हा कागद. कॉलेजात तुझ्याच वह्या उतरवून मी पास व्हायचो, तेव्हा माझं अक्षर तुला नवीन नाही. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. आईच्या पायाचा प्रश्न आहे.

परवा मी सगळ्या पेशंटांसमोर तुझ्या हातातला टॅब हिसकावला आणि तुम्ही खोटे आकडे भरताय, माझ्या आईला प्रयोगाचा उंदीर केलंय, असं ओरडलो. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हा वाटलं, चोरी सापडली म्हणून पडला. माझं डोकं असंच चालतं गं. सेकंड इयरला सरांनी माझं जर्नल फेकलं, तर मी ते त्यांच्याच टेबलावर फाडून कॉलेजमधून बाहेर पडलो की नाही? त्या दिवशी सगळे हसले, तू एकटीच हसली नव्हतीस. तेवढ्या एका आधारावर मी इतकी वर्षं मोडनिंबात दुधाचा टेम्पो चालवतोय.

श्रीपूरजवळ तोड झालेल्या उसाच्या रानात आमच्या मेंढ्या खतासाठी बसवल्या होत्या. उसाची ट्रॉली कलंडली आणि आईची नडगी मोडली, हे तुला माहीतच आहे. तिला सोलापूरला आणलं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पांढऱ्या कोटात तू समोर आलीस. "बिरुदेव, तू हितं कसा?" एवढंच म्हणालीस. मग समजावून सांगितलंस, की हाडाच्या ऑपरेशननंतर पेशंटला किती दुखतं, झोप लागते का, कधी चालायला येतं, याचा अभ्यास चाललाय. गोळ्या दोन तऱ्हेच्या आहेत. कुणाला कुठली मिळते ते पेशंटलाही ठाऊक नसतं आणि विचारणाऱ्यालाही नसतं. आईनं अंगठा दिला, मी साक्षीला सही केली. खरं सांगतो, तेव्हा मी एक अक्षर ऐकलं नाही. तुझ्याकडं बघत होतो. आणि नंतर, न ऐकलेल्या एकेका गोष्टीचा संशय यायला लागला.

विचारणारीला ठाऊक नसतं, हे कुणी मानावं? तू रोज सकाळी यायचीस, खाटेजवळ बसायचीस आणि विचारायचीस, "मावशी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आज किती?" आई म्हणायची, "दोन लिव्ह की बाय." कधी एक. वर हसायची. आणि तू पाठ फिरवलीस की कुशीवर वळताना पदराचा बोळा तोंडात कोंबायची. पायाला चादर लागू द्यायची नाही. दुपारनंतर तिचं अंग कसकसतं, तर ते उन्हावर ढकलते. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिला नुसती पिठाची गोळी देत असतील आणि आकडा मात्र झकास दाखवायचा असेल. तू तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा आणलास, त्याचाही मला संशय आला. हा अभ्यास चालवणारे तुझे ते डॉक्टर सर तुझ्याशी कानडीत काहीतरी बोलतात आणि तुम्ही दोघं हसता, त्याचा तर फारच आला. मला कानडी येत नाही, म्हणून मी त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्याबद्दलचं धरलं.

सगळ्यात मोठा संशय आईचा. तू यायच्या आधी ती माझ्याकडून फणी मागून घ्यायची, केस चापूनचोपून बसवायची, कुंकू लावायची. खाटेखालचं भांडं मला पिशवीमागं सरकवायला लावायची. मला वाटलं, तिला कुणीतरी पढवलंय. तपासणीच्या दिवशी शाळा सारवतात तसं.

परवा तुझे सर आले. त्यांनी आवाज चढवला नाही, तेही मला लागलं. त्यांनी आईलाच विचारलं, की दुखतंय का, खरं सांगा. तर आई काय म्हणाली तू ऐकलंस. "न्हाय वो सायेब. पोरगं तापट हाय, बापावर गेलंय. मला काय बी दुकत न्हाय." सर माझ्याकडं दारू प्यालेल्याकडं बघावं तसं बघायला लागले. जखम वरून कोरडी आहे, सोमवारी घरी सोडू, म्हणाले. आणि मला खाली पाठवलं.

खाली चहाच्या गाड्यावर काल कमलम्मा भेटल्या. आईच्या शेजारच्या खाटेवरच्या, हाताला प्लास्टर असलेल्या, विडी कारखान्यातल्या. मी त्यांच्यासमोर तुमच्या सगळ्यांच्या नावानं खडे फोडत होतो. त्यांनी एका हातानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाल्या, "येड्या, तुझी आई डाक्टरला फशवत नाय. सुनेला फशवती. रोज सून बघायला येती म्हणती, आणि सुनेला कसं सांगू म्हणती, की पाय जळतोय म्हणून."

हे सुनेचं खूळ माझंच.

ऋतुजा, ऑपरेशनला जायला आई तयार नव्हती. पाय कापतील म्हणून तिनं खाटेची दांडी धरून ठेवली होती. तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं, ती पांढऱ्या कोटातली पोरगी बघितलीस ना, तीच. लवकर हिंडाफिरायला लाग, तिला घरी आणायचंय. तुला विचारल्याशिवाय सांगितलं. आईनं दांडी सोडली.

आमची आई लग्न होऊन आली तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली होती. मुलगी बघायला गेले तेव्हा आमच्या घरच्यांनी ते लपवलं होतं. हळद उतरायच्या आत आईच्या हातात आजीचं हगणंमुतणं आलं. आई कधी बोलली नाही, पण आमच्या घरी पोरगी येईल तेव्हा तिला खाटेवरची सासू दिसायला नको, हे तिच्या मनात किती खोल असेल ते मला आता कळतंय. तू आकडा विचारतेस. तिला वाटतं, तू स्थळ पारखतेस.

मी काल भेटीच्या वेळेत वॉचमनच्या हातापाया पडून वर गेलो आणि तिला स्पष्ट सांगितलं, की ती सून नाही, तिचं माझं काही नाही, खरं काय ते सांग. आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भांडलास व्हय रं तिच्यासंगं? मी घालते समजूत." आणि माझ्याकडं फणी मागितली. आता ती 'शून्य' म्हणेल, बघ.

म्हणून हे पत्र. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? माझ्यावर आता तिथं कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझ्या सरांवर माझा अजूनही विश्वास नाही, सोमवारच्या आत हे त्यांच्या कानावर घालशील की अभ्यासातले आकडे बिघडतील म्हणून गप्प बसशील, हाही संशय एकदा आला. तरी तुलाच लिहितोय. तू भरलेलं सगळं खोटं आहे आणि त्यात तुझा दोष नाही, एवढं त्यांना सांग. पाय आतून बघायला लाव. आणि उद्या आईकडं तू जाऊ नकोस. ते वॉर्डात पट्ट्या बदलणारे, टक्कल पडलेले सिद्धाराम ब्रदर आहेत ना, त्यांना पाठव. त्यांना कुणी सून समजणार नाही. आई विचारील, पोरगी का आली न्हाय. मी सांगीन, तिनं नकार दिला. तू नकार दिलेला नाहीस, मी विचारलंच कुठं होतं? पण मी तसंच सांगीन. मग ती रडेल, आणि लपवायला कुणी उरलं नाही म्हटल्यावर ब्रदरला पाय दाखवेल.

न विचारताच तुझा झालेला,
बिरुदेव