आतून बंद होण्याची व्यवस्था

२ जुलै, सोमवार
शाळेत नोकरीला लागून तीन आठवडे झाले. आज मुख्याध्यापकांनी विद्यार्थी मंडळ माझ्याकडे सोपवलं. म्हणाले, तुमच्यात उत्साह आहे. बाकीच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच जोरात, पण ते कौतुकच असणार.
घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. समाजाचं देणं लागते. संकल्प: वर्षअखेर शंभर जागृत तरुण.

४ जुलै, बुधवार
पहिली सभा. अकरा मुली. (मुलगे खेळायला गेले.) मंडळाच्या नावावर पाऊण तास चर्चा. चर्चा मीच केली. मग नववीतली एक मुलगी उठली. तिला सगळे वकीलसाहेब म्हणतात. म्हणाली, मॅडम, नाव काहीही ठेवा, पण मुलींच्या बाथरूमला कडी नाहीये, ती तेवढी बसवा.
मी समजावलं की कडी हे फक्त लक्षण आहे, रोग व्यवस्थेत आहे. ती म्हणाली, बरं, मग रोग जाईपर्यंत दार कोण धरणार?
एक आत गेली की मैत्रीण बाहेरून दार धरते म्हणे. सातवीतली चिमणी शाळेत नवी. तिला मैत्रीण नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. गेल्या आठवड्यात चक्कर येऊन पडली. फार वाईट वाटलं. भाषणात हे उदाहरण घ्यायचं.

९ जुलै, सोमवार
निवेदनाचा पाचवा मसुदा. ‘कडी’ हा शब्द फारच घरगुती वाटत होता. शेवटी जमलं: ‘मुलींचे प्रसाधनगृह आतून बंद होण्याची व्यवस्था तातडीने करावी.’
बाबा मागच्या शेडमध्ये रंधा मारत होते. एवढं काय लिहितेस, म्हणाले. मी म्हटलं, प्रशासकीय विषय आहे, बाबा. बरं, म्हणाले आणि पुन्हा रंधा मारायला लागले. त्यांना या गोष्टी कुठून कळणार! माणूस आयुष्यभर सुतारकामात.
वह्या तपासायच्या राहिल्या. उद्या नक्की.

१३ जुलै, शुक्रवार
निवेदनावर कार्यवाही झाली! बाथरूमला बाहेरून मोठं कुलूप.
हेडक्लार्कनी माझं निवेदन दाखवलं. ‘प्रसाधनगृह’, ‘बंद’, ‘तातडीने करावी’ यांच्याखाली लाल रेघा. म्हणाले, तुमचीच सही आहे ना, मॅडम? इतक्या झटपट आजवर कुणाचं काम केलं नव्हतं.
एका अर्थी हे पहिलं यश. प्रशासन हललं.

१६ जुलै, सोमवार
मुली आता स्टाफरूममध्ये येऊन आमच्या बाथरूमची किल्ली मागतात. गणिताच्या बाई माझ्याकडे बघत किल्ली देतात. चिमणी आज आलीच नाही.
वकीलसाहेब म्हणाली, मॅडम, आधी नुसती कडी नव्हती, आता बाथरूमच नाही.
सर्दी झाली आहे. मूक मोर्चाचा विचार पक्का. सर्दीत मूक बरा.

१८ जुलै, बुधवार
दुसरं निवेदन: ‘प्रसाधनगृह सदैव खुले ठेवावे.’ वकीलसाहेब म्हणाली, असं नका लिहू मॅडम, ते दारच काढून नेतील.
मुलीला भाषेचं गांभीर्य नाही. तरी निवेदन दिलं नाही. थकले आहे, म्हणून.

२१ जुलै, शनिवार
पोस्टरसाठी मुली आमच्या घरी. चिमणीलाही वकीलसाहेब हाताला धरून घेऊन आली. मी श्रमप्रतिष्ठेवर बोलत होते. भिंतीवरच्या पोस्टरकडून वळले तर खोली रिकामी. सगळ्या मागे, बाबांच्या शेडमध्ये. बाबा एका डब्यातून कड्या काढून दाखवत होते. चिमणीने पितळी निवडली.
बाबा म्हणाले, अगं, कडी हवी होती तर कडी म्हणायचं ना!
आई म्हणाली, पंधरा दिवस नुसतं प्रशासकीय, प्रशासकीय! मला वाटलं, हिची नोकरी गेली.

२३ जुलै, सोमवार
बाबा पिशवी घेऊन शाळेत आले. मुख्याध्यापक म्हणाले, बसवा की, नाही कोण म्हणतंय? हेडक्लार्कनी कुलूप काढलं. बिजागऱ्या ढिल्या, त्यामुळे दार हलत होतं. बाबा म्हणाले, धर गं जरा. मी धरलं. दहा मिनिटांत काम झालं.
पहिली चिमणी गेली. आतून खट्ट आवाज आला. बाहेर आली ती सरळ नळावर. बराच वेळ पाणी पीत होती.

२४ जुलै, मंगळवार
मंडळाचा मासिक अहवाल वकीलसाहेबनं लिहून आणला. तीन ओळी.
‘बाथरूमला कडी बसवली. बसवणारे: मॅडमचे बाबा. मॅडमनी दार धरलं.’
तिसऱ्या ओळीत ‘मार्गदर्शन’ हा शब्द कुठे बसतो का, ते पाहिलं. लाल पेन हातात घेतलं. वाक्यात चूक एकही नव्हती.
सही केली.