डब्यात सगळं हवं

प्रिय वेदिका,

मेसेज केला असता तर दोन निळ्या खुणा दाखवून तू मोकळी झाली असतीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्यांनी चहा दिला आणि वेदिकाला वेळच नसतो गं, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, माहीत आहे. विषय एकच आहे, आपला डबा आता कुणाचा.

डबा हे नाव तुझ्या आईंमुळेच पडलं. कॉलेजसाठी कंटेनर इमेज बनवतोय म्हणजे नेमकं काय करतोय, हे त्यांना समजावताना तू वैतागली होतीस. शेवटी म्हणालीस, आई, पायथन, त्याच्या लायब्रऱ्या, नोटबुक, म्हणजे मुलांच्या प्रोग्रॅमच्या वह्या, चालवायची सगळी सोय एका डब्यात भरायची, मग तो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडला तरी आत तेच जेवण. त्या म्हणाल्या, मग लोणचं विसरू नका. मासळीच्या आकड्यांचे आलेख काढताना बांगडा, सुरमई या नावांच्या जागी नुसते चौकोन यायला लागले, तेव्हा मी त्यात मराठी फॉन्ट घातला. आपण त्यालाच लोणचं म्हणायला लागलो. किती हसायचो गं आपण.

आणि नियम तुझा होता. लॅबच्या भिंतीवर तूच लिहिलं होतंस, डब्यात सगळं हवं. इथलं नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून उघडल्यावर बाहेरून काहीही मागवायचं नाही. इमेज जड झाली तरी चालेल. दापोलीच्या कॉलेजातल्या मुलांना तर आपण ती हार्ड डिस्कवर घालून, आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यात गुंडाळून एसटीने पाठवायचो. कंडक्टर पेटी हलवून विचारायचा, "हापूस हाय काय वो?" तू बेधडक हो म्हणायचीस.

तू पुण्याला गेलीस त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. पण त्यानंतर डबा मी सांभाळला. एका लायब्ररीची नवी आवृत्ती आली की दुसरी रुसून बसायची, दोघींची समजूत घालून पुन्हा सगळं बांधायचं, प्रत्येक नोटबुक उघडून बघायचं. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. काही बिघडलं नाही की कुणाला कळतही नाही की कुणी काही केलं. टाळ्या तुला मिळाल्या, परिषदेत. तू इमेज कापून कापून सडपातळ केलीस आणि आपल्या खात्यावर जुन्याच नावाने चढवलीस. मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तुझं भाषण मी जेवता जेवता मोबाईलवर पाहिलं. अम्मीने विचारलं, तुझं नाव कधी घेणार ती? मी म्हटलं, शेवटी घेईल. शेवट झाला.

लॅबमधले कॉम्प्युटर दर सोमवारी नवी इमेज आपोआप ओढून घेतात, ही सोयही तुझीच. त्या सोमवारी त्यांनी तुझी ओढली. मंगळवारी मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि सकाळीच रावजी शिपाई धावत आले, "म्याडम, मिरजोळ्याकडं रस्ता खोदताना केबल तोडलानी. आता नेट काय येत नाय." मी म्हटलं, नसू दे, आपल्याला नकोच आहे. मुलांनी नोटबुक उघडलं आणि ते बाहेरून लायब्रऱ्या मागायला लागलं. तू इमेज हलकी केली होतीस ती अशी, अर्धं जेवण ऐनवेळी बाहेरून मागवायचं. पुण्यात मिळतं. इथे पूर्ण वर्ग काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. पहिल्या बाकावरची राही शेवटपर्यंत उठली नाही, "मॅडम, नेट येईल ना, येईल ना," म्हणत राहिली. नंतर आत पाहिलं तर तू लोणचंही काढून टाकलं होतंस.

मला राग लायब्रऱ्यांचा नाही. तू इथेच लहानाची मोठी झालीस आणि इथे नेट जातं हेच विसरलीस, त्याचा आहे. परीक्षा पुढे ढकलली गेली. विभागप्रमुख सरांना कुणाला तरी धरायचं होतं आणि समोर मी होते. या जूनला माझं कंत्राट वाढवलं नाही. मी तुझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, त्याचाही आता राग येतो.

जुनी इमेज मी परत चढवली आणि पासवर्ड बदलला. त्यावर परवा तुझा मेसेज आला, एवढ्या काळातला पहिला. तू लिहिलंस, "तुझी नोकरी गेल्याचं कळलं, वाईट वाटलं, नाहीतरी आता तुला डब्याचं काम उरलं नाही, तर नवा पासवर्ड पाठव." म्हणजे तुला सगळं कळलं होतं, आणि तरी फोन करावासा वाटला नाही. हे पत्र त्याचं उत्तर आहे. पासवर्ड मिळणार नाही. नोकरी गेली तरी डबा मीच भरते आहे, घरी बसून, लोणच्यासकट. दापोलीची पेटी काल गेली. राहीच्या वर्गाची पुढे ढकललेली परीक्षा त्याच डब्यावर झाली, नेट तेव्हाही नव्हतं. तुला इमेज हवी असेल तर तशीच पाठवीन, पेंढ्यात गुंडाळून. स्वारगेटला जाऊन उतरवून घे, आणि पेटीत काय आहे असं कुणी विचारलं, तर या वेळी खरं सांग.

सवय सुटत नाही म्हणून लिहिते,
तुझीच,
महरीन