वेणी मावत नाही

शनिवार, संध्याकाळ. कर्वेनगर

उद्या सकाळी कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून जायची स्पर्धा, आणि आज कळतंय की हेल्मेट डोक्याला बसतच नाही! महिनाभर ऑफिसमधून आल्यावर फोमच्या जुन्या चटया कापल्या, हेअर ड्रायरने तापवून वाकवल्या, चपलांच्या सोल्युशनने चिकटवल्या, चंदेरी रंग दिला. माप मात्र घेतलं न्हाऊन आल्यावर, केस पाठीवर मोकळे असताना. शहाणीच मी. मी वेश करतेय तो सेनापती पुरुष आहे, म्हणजे सगळी वेणी आत जायला हवी. कशी जाणार? डोक्याभोवती गुंडाळली की हेल्मेट कपाळावरच अडतं.

कात्री समोरच होती. वेणीच कापली तर? केस काय, वाढतील. वाढतील ना?

तेवढ्यात आई दारात. "गाडीवर हेल्मेट घाल म्हटलं की तुझं डोकं दुखतं. हे बरं चालतं?"

मग तिचं लक्ष कात्रीकडे गेलं. लहानपणापासून याच वेणीला तिने दर रविवारी तेल लावलंय. आता ओरडणार, असं वाटलं. ओरडली असती तर मी कापलीच असती.

ती शांतपणे पलंगावर बसली. "वेणी राहू दे की बाहेर."

"अगं, सेनापतीला वेणी असते का?"

"डोकं तुझं आहे ना? मग असते."

मी कात्री उचलली आणि हेल्मेटलाच मागून उभी चीर दिली, वेणी बाहेर येईल एवढी. फोम कापला जाताना, महिनाभर त्याला कचरा म्हणणाऱ्या आईने डोळे घट्ट मिटून घेतले.