त्या शेवटाचं क्रेडिट

बाबा, आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. भात शिजायला ठेवला आणि विसरले, खालून लागला. अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. माझ्या मुलीची मुलगी, म्हणजे तुमची पणती, चंद्रपूरला कॉलेजात शिकते. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. आपल्याकडच्या नाटकांवर तिने फोनमध्ये एक छोटी फिल्म तयार केली आहे. कॉलेजात त्याचे चार क्रेडिट मिळतात म्हणे. फिल्मच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात, त्यालाही ती क्रेडिटच म्हणते. आणि तिथे येऊन तिचं अडलं आहे. आपल्या गावच्या त्या नाटकाचा शेवट कोणाचा, हे तिला संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. "ज्याचं त्याले क्रेडिट द्यावंच लागते आजी," ती म्हणाली, "नाई त चोरी होते." तिला हे फार सोपं वाटतं.

तो शब्द माझ्या ओळखीचा आहे. पेन्शन खात्यात पडली की फोन वाजतो आणि तेच लिहिलेलं येतं. मूलच्या बाजारात रद्दीवाल्याकडून घेतलेला एक जाड शब्दकोश माझ्याकडे आहे, पुठ्ठा नसलेला. काल दुपारी तो काढून बसले. त्यात या एका शब्दापुढे जमा आहे, उधार आहे, पत आहे, श्रेय आहे, आणि सगळ्यांच्या आधी भरवसा आहे. एवढे अर्थ एका शब्दाने कसे सांभाळले असतील, असा विचार करत राहिले. तुम्हाला त्यातला कोणता द्यावा हे काही कळलं नाही. तुम्ही तर आयुष्यभर पडद्याआड बसलात. दिवसा ओसरीवर शिलाई मशीन, आणि धान निघालं की हिवाळाभर नाटकाचे प्रॉम्टर.

तुमची मशीन अजून ओसरीवरच आहे. सातवीतून माझी शाळा सुटली, पण वाचन सुटलं नाही ते त्या मशीनपाशी बसल्यामुळे. तुमचे हात कापडात गुंतलेले असायचे, म्हणून नाटकाची पानं मी वाचून दाखवायचे. ओठांत टाचण्या धरून बोलायची तुम्हाला सवय होती. ओठ हलायचे नाहीत आणि शब्द मात्र स्वच्छ यायचा. स्टेजवर तुम्हाला तीच सवय उपयोगी पडली. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या नटांना आज हे नाटक, उद्या ते. पाठांतराला वेळ कुठे असतो त्यांना? प्रॉम्टर जे देईल ते ते बोलणार, असा त्यांचा तुमच्यावर भरवसा. एकदा वाचताना मला रडू आलं. तुम्ही टाचण्या काढून हातात घेतल्या आणि मला रागावलात. "रडू नको वाचताना. रडणं त्यांचं काम हाय. तू फकस्त शब्द दे." तेवढं एकच रागावणं माझ्या लक्षात आहे.

मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती रांगायला लागायच्या आत तिचे वडील काविळीने गेले. मंडईच्या दिवसांत, धान निघाल्यावरच्या त्या जत्रेला, सगळ्या लेकी माहेरी येतात, तशी मीही आले, पण परत जायचं घर उरलं नव्हतं. त्या वर्षी आपल्या घरी पाहुण्यांनी भरलेल्या चार खाटा होत्या आणि मी भिंतीला टेकून बसलेली असे. माय ताट पुढे करायची. मी भात चिवडून ठेवून द्यायचे. संध्याकाळी शेतातल्या बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाळीवर जाऊन बसायचे, आणि एके दिवशी पाळीवरून खाली उतरले. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा घराकडून पोरीचं रडणं ऐकू आलं की मला तसं वाटलं, आजही सांगता येत नाही. परत आले. तुम्ही ओसरीवर होता. माझ्या साडीचा ओला काठ तुम्ही पाहिलात. फक्त विचारलंत, "पाणी थंडं होतं का?" मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मंडईचं नाटक होतं. शाळेच्या गुरुजींनी स्वतः लिहिलेलं, म्हणून सारं गाव लोटलेलं. त्यातली सून विधवा होते, सासू तिला घराबाहेर काढते, आणि शेवटी ती नदीवर जाते ती परत येत नाही. हे मला ठाऊक होतं. ती पानं मीच तुम्हाला वाचून दाखवली होती, लग्नाआधी, गुरुजींनी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा. तरी मी गेले. पोर मांडीवर झोपलेली, आणि बायकांच्या बाजूला अगदी विंगेला लागून मी बसलेले. नाटक उजाडता उजाडता संपत आलं. कनातीच्या वर आभाळ फिकट झालं होतं. सून नदीच्या पडद्याकडे तोंड करून उभी राहते, आता तिचं शेवटचं वाक्य येणार. आणि विंगेतून तुमचा तो सपाट आवाज येतो, तिच्या आधी मला ऐकू येतो: "दार उघडा. मी परत आले. मला भूक लागली आहे. माझं ताट वाढा."

ती नागपूरची बाई क्षणभर थांबली. पण तुमच्यावर भरवसा होता तिचा. वळली, आणि जिथे दार नव्हतं तिथे हवेत थापा मारल्या. सासूचं काम करणारी बाई तोवर आपलं संपलं म्हणून आत चहा पीत होती. तिला कोणीतरी ढकलून स्टेजवर आणलं, हातात कपबशी तशीच. आता काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिने तो कपच सुनेच्या हातात दिला. बाबा, बायका हुंदके देऊन रडल्या. पुढे कितीतरी गावांत ते नाटक झालं, आणि प्रत्येक वेळी सासू चहाचा कप घेऊनच बाहेर आली.

घरी आलो तेव्हा माय चुलीपाशी होती. मी म्हटलं, "माय, भूक लागली. ताट वाढ." ती म्हणाली, "हात धू आधी." रात्रीचा भात होता आणि लाखोरीचं वरण. तुम्ही दारात पाय धूत होता. मी पहिला घास घेतला आणि तुम्ही ओसरीवर जाऊन बसलात. मशीन चालू झाली. पण कापड शिवताना तिचा आवाज वेगळा असतो, तो मला लहानपणापासून कळतो. त्या सकाळी मशीनखाली कापड नव्हतं. नुसतंच चाक फिरत होतं, बराच वेळ.

नंतर गुरुजींचा सत्कार झाला, त्या शेवटासाठीच. शाल, नारळ, भाषणं. तुम्ही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. मी आतून जळत होते. घरी आल्यावर माय म्हणाली, "टाळ्या पिटून हात दुखले असतीन. तेल लावून देऊ का?" तुम्ही हसलात. "शाल त्याले लागते व. मले मशीनपाशी तसंच गरम होते."

मागच्या आठवड्यात नातीला घेऊन गुरुजींकडे गेले. थकले आहेत आता, ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत आहे. पोरीने फोन समोर धरून विचारलं, शेवट कसा सुचला? मला वाटलं, आता शालीतलंच भाषण ऐकावं लागणार. ते म्हणाले, "अव, मी त झोपलो होतो."

"कवा?"

"शेवट झाला तवा. दोन दिवसांचं जागरण होतं, कोपऱ्यात घोंगडं घेऊन जो पडलो! सकाळी लोक येऊन हात हाती घेऊन राह्यले. गुरुजी, रडवलं म्हणे. मले वाटलं, रडवलं असनच, लिवलंच होतं तसं. दुसऱ्या गावच्या खेळाले जागा राह्यलो तवा समजलं, बाई त मेलीच नाई!"

पोरीला हसू आवरेना. मी विचारलं, "मंग?"

"मंग काय? तुह्या बाबाले गाठलं. म्हणे, गुरुजी, बॅटरीचा उजेड मंद होता, पान चुकलं माझं. आता सांग, पान चुकून कोणी माणूस वाचवते का? पण तो एवढ्यावरच अडला. मी म्हटलं, नाव लावतो तुझं. त हात जोडले त्यानं. म्हणे, नका लावू, लोक इचारतीन काऊन बदललं म्हणून." मग गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी त्याले नाई इचारलं, बाई. तुलेही नाई इचारत. आता लावा त्याचं नाव. शाल त फाटली कवाची."

इतकी वर्षं मी तुमच्यासाठी गुरुजींवर रागावून होते. तुमच्या वाट्याचं त्यांनी नेलं असं धरून चालले होते. तुम्ही ते त्यांच्याकडे ठेवायला दिलं होतं, हे मला कुठे माहीत? तुमचं नाव पोस्टरवर आलं असतं तर पारावर चर्चा झाली असती, आणि चर्चा फिरून माझ्या ओल्या काठापाशी आली असती. तेव्हापासून झोप लागत नाही. आता पोर म्हणते, तुमचं नाव मोठ्या अक्षरात देते. द्यावं, असं मलाही वाटतं. आणि भीतीही वाटते. कारण तिची आई ती फिल्म बघणार. ती तेव्हा रांगत होती. माझ्याशिवाय कोणाजवळ झोपायची नाही, आणि तिला टाकून मी पाण्यात उतरले होते. हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही. तुमचं नाव आलं की पुढचा प्रश्न येणारच.

इथवर लिहीपर्यंत तो प्रश्न आलाच, आज दुपारी. पोरीने आईला सांगून टाकलं होतं. मुलीचा फोन, आवाज नेहमीसारखाच घाईचा. "आई, आबाजीनं शेवट काऊन बदलला व?"

मी उभीच होते, मशीनला धरून. खूप काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. मग तुम्ही सांगितलं होतं तसं केलं. न रडता नुसते शब्द दिले. "मी जेवत नव्हती तवा. जगाव असं वाटत नव्हतं. एकदा बोडीत उतरली होती."

पलीकडे घाई थांबली. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तीही विरली. मग तिने विचारलं, "मी कुठी होती?"

"घरी. मायजवळ."

"अन् नाटकात?"

"माह्या मांडीवर. झोपली होती."

"मी अन् गुरुजी, दोघंही झोपलो होतो मंग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ती नाक ओढून म्हणाली, "लावू दे नाव. अन् त्या चहावाल्या सासूचंही लावाव लागन." तिचं नाव आता कोणालाच आठवत नाही, हे मी तिला सांगितलं. रविवारी ती येते आहे. येऊन काय विचारेल, माहीत नाही. माझं मन अजून थाऱ्यावर आलेलं नाही.

पोरीला कळवलं आहे. लेखक म्हणून गुरुजी, प्रॉम्टर म्हणून तुम्ही, आणि शेवट तुमचा. हे कागद मशीनच्या खणात ठेवीन, तिथे तुमच्या टाचण्या आहेत अजून, गंजलेल्या. पण एक गोष्ट फिल्ममध्ये नाही आणि मुलीलाही सांगितलेली नाही. त्या सकाळी मला भूक नव्हती, बाबा. पहिला घास गिळता गिळत नव्हता. तुम्ही दारात उभे होता, आणि तुमचं वाक्य मला पोहोचलं हे तुम्हाला कसं सांगावं ते कळेना, म्हणून ताट मागितलं. खरी भूक पुष्कळ दिवसांनी लागली.