मुठीतली सुई

४ एप्रिल

आमच्या मठाच्या शाळेच्या आवारात मेपलची अकरा झाडं होती. रात्री गोठायचं आणि दुपारी सुटायचं असे दिवस आले, की तिथल्या नन मेर सांत-क्लोतिल्द खोडांना बादल्या लावायच्या, रसाचा पाक करायच्या आणि तो गरम पाक स्वच्छ बर्फावर ओतायच्या. मला आणि माझ्या मैत्रिणीला, सोलांजला, मिळून पाक गुंडाळायला एकच काडी मिळायची. एक चाट तिची, एक माझी. एकदा पाक संपल्यावर तिने खोडाला कान लावला आणि म्हणाली, गिलू, ऐक, रस चढतोय. मीही कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. हो गं, म्हणाले. अकरा वर्षांच्या होतो आम्ही. पन्नास वर्षं झाली, ते खोटं मी कुणाजवळ बोलले नाही.

आज गाडीतून उतरले तर सोलांजचा नवरा क्लेमां फलाटावर पाकाचा डबा घेऊन उभा. म्हणाला, इथे तुला काडी वेगळी मिळेल हो. म्हणजे सोलांजने त्याला तेसुद्धा सांगितलं होतं. मी हसले. पण बोचलं जरा.

घर छान आहे. ओंडक्यांचं, स्प्रूसच्या दाट सूचिपर्णी जंगलात. तळं दोन हजार पावलांवर. पिनामेन नावाची, इथल्या मूळच्या इन्नू जमातीची बाई वीस वर्षं इथलं सरपण आणि स्वयंपाक बघते. तिने कॅरिबू हरणाचा रस्सा आणि जाड भाकरी वाढली. मी पस्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं हे ऐकल्यापासून मला मास्तरीणबाई म्हणते. म्हणाली, जंगल सुटलं का ते आभाळातल्या यंत्राला काय विचारता, माझ्या मोज्यांना विचारा, ओले झाले की सुटलं!

काम सोपं आहे. दर सहा दिवसांनी सकाळी सहाच्या सुमारास उपग्रह वरून जातो. जंगलावर लहरी सोडतो आणि परत येतात त्या मोजतो. ढग आड येत नाहीत, अंधार आड येत नाही. गोठलेलं जंगल त्याच्या चित्रात काळं दिसतं, लाकडात पाणी सुटलं की उजळतं. ते चित्र खरं बोलतंय का हे आपण खाली तपासायचं. बारा खोडांत तापमापकाची सुई खुपसून तापमान लिहायचं. फेरीआधी सुई आपल्या मुठीत धरायची, शंभर आकडे मोजायचे. तिशीच्या आसपास आली तर सुई ठीक. तो आकडा तक्त्याच्या डोक्यावर लिहायचा. ही सोलांजची पद्धत.

संध्याकाळी सरावाची फेरी केली. मूठ ३१. खोडं उणे ९.

गेल्या नोव्हेंबरात तळ्याच्या कोवळ्या बर्फातून सोलांज खाली गेली. सापडली नाही. वर तळं गोठून गेलं. क्लेमांने मला लिहिलं, तिची तीस वर्षांची नोंद या वसंतात तुटेल, मला सुई हातात धरवत नाही, तू ये. पत्र मी तीनदा वाचलं. त्याने मला बोलावलं होतं.

१० एप्रिल

मूठ ३१. खोडं उणे ७.

दुपारी चित्र आलं. सगळं काळं, आणि त्यात दोन पांढरे टिपके. हे आरसे. तोंड त्यात दिसत नाही, पण आम्ही आरसेच म्हणतो. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडलेले असतात. लहर त्यावर पडली की तशीच वर जाते, म्हणून चित्रात जागा ओळखता येते. एक घरामागे आहे आणि एक तळ्याकाठी. तळ्याकाठचा सोलांजने स्वतः उभा केला. त्याच्याकडेच जात होती ती त्या दिवशी.

क्लेमांने पडद्यावरच्या त्या टिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, उठलीस का म्हातारे? मग माझ्याकडे वळून सहज म्हणाला, कॉफी देतेस?

लिहूनच टाकते. क्लेमां आधी माझा होता. बर्फावरच्या जत्रेत तो माझ्याशी नाचला, पत्रं मला लिहायचा. सोलांजशी ओळख मी करून दिली. ती झाडांबद्दल तासभर बोलली आणि हा तिच्यामागे उत्तरेत आला. मी गावातच राहिले, भागाकार शिकवत.

१६ एप्रिल

मूठ ३०. खोडं उणे ४.

क्लेमां टेबलावर अजून तीन कप मांडतो, तिसरा सोलांजचा. पिनामेन म्हणते, मास्तरीणबाई, तिसऱ्या कपाकडे अशा बघू नका, तडा जाईल.

आज पुन्हा टिपक्यावर बोट. पुन्हा म्हातारे. मी त्याचे मोजे रफू केले, दाढीला पाणी गरम करून दिलं, आणि तो पडद्यावरच्या मोहरीएवढ्या उजेडाशी बोलतो. मेर सांत-क्लोतिल्दसमोर गुडघे टेकून हे कसं सांगितलं असतं? की मी एका टिपक्यावर जळते?

जेवणानंतर तळ्यापर्यंत चालत गेले. आरशाला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. दोन्ही हातांनी धरून तो फिरवला. त्याचं तोंड आता आभाळाकडे नाही, आपल्या घराकडे आहे.

पत्रा इतका गार होता की हातमोज्यातून तळवे भाजले.

२२ एप्रिल

मूठ २७. खोडं उणे १.

तळ्याचा टिपका नाही. क्लेमांने पडदा पुसून बघितला. मी म्हणाले, वाऱ्याने कलला असेल. संध्याकाळी तो माझ्याशेजारी बसून रस्सा प्यायला, आणि माझ्या लहानपणाबद्दल विचारलं. माझ्या! कप दोनच होते.

चांगला दिवस. हात मात्र गार पडतात. वयच आहे.

२८ एप्रिल

सुटलं! खोडं अधिक १. पिनामेन ओले मोजे नाचवत आली. चित्रभर जंगल उजळलं आहे. असं सुंदर दिसेल असं वाटलं नव्हतं.

एकच चौकोन काळा राहिलाय. तळ्याकाठी, आरशापाशी. चित्रातला चौकोन म्हणजे जमिनीवरची शंभर पावलं. सावलीची जागा असेल.

मूठ २१. सुई बिघडली असं समजून पिनामेनच्या हातात दिली. ३३. क्लेमांच्या हातात ३२. पुन्हा माझ्या, २१.

४ मे

काळा चौकोन तळ्याकाठी नाही. तिथलं उजळलं. आता तो घरापासून बारा चौकोनांवर आहे. सगळ्या ओल्या जंगलात एक गोठलेली जागा, आणि ती सरकते.

मला वाटलं क्लेमां घाबरेल. त्याने बोटाने चौकोन मोजले, दाढी केली, तिसरा कप कपाटातून काढून पुसला. म्हणाला, तिला नेहमीच उशीर होतो.

मला भीती वाटायला हवी होती. आधी राग आला. मेल्यावरसुद्धा याच्यासाठी येणार?

मूठ १७.

१० मे

सहा चौकोन.

पाचव्या झाडाला आज सुई जाईना. आजूबाजूला चिखल, पाणी वाहतंय, पक्षी ओरडताहेत. ते एकटं खोड दगडासारखं. कशीबशी टोचली. उणे २२. हा जानेवारीचा आकडा आहे.

आरसा परत फिरवायला धावत गेले. जागचा हलला नाही. त्याच्या पायाशी हातभर जमीन लोखंडासारखी गोठलेली. फक्त तेवढीच.

पिनामेनने माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. या वेळी चेष्टा केली नाही. म्हणाली, माझ्या घरी चला, आत्ताच, पिशवी राहू दे. परवाच्या गाडीने मी स्वतः तुम्हाला पोचवते. क्लेमांलाही नेऊ. मी विचारलं, तो येईल? ती म्हणाली, तो नाही येणार, तो वाट बघतोय, पण तुम्ही चला.

मग मी कशी जाऊ? त्या दोघांना घर देऊन?

नाही म्हणाले.

मूठ ११.

१६ मे

एक चौकोन. अंगणाच्या पलीकडे.

क्लेमां दार उघडं टाकतो. मी लावते. तो उघडतो. मी ओरडले, ती तुला न्यायला येतेय, कळत नाही का — तो म्हणाला, माहीत आहे की.

खिडकीच्या काचेवर आतून बर्फ. बाहेर डास.

मूठ ४. दुखत नाही काही. त्याचीच भीती —

२२ मे

सकाळी सहा. उपग्रह वरून गेला असेल.

दुपारच्या चित्रात जंगल सगळं पांढरं असेल. घराचा चौकोन काळा.

मूठ ०.

क्लेमांच्या हातात सुई दिली. ३२. पुन्हा. ३२. त्याला काही झालेलं नाही. तो उंबऱ्यावर बसून रडतोय. म्हणतो ती आली, अगदी जवळून गेली, थांबलीच नाही — त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही — आत गेली. माझ्या खोलीत.

म्हणजे त्याच्यासाठी नव्हती —

इतकी वर्षं मी कुणावर जळले?

भिंत ओंडक्यांची. कान लावला. गिलू, ऐक. ऐकतेय. या वेळी खोटं नाही. चढतंय — खरंच —

बोटं वळत नाहीत. लिहून ठेवते. पिनामेनने वाचावं.

तक्ते सगळे पिनामेनला. तिच्या मोज्यांची नोंदही त्यात घालावी. कोट तिच्या मुलीला. माझं शाळेतलं घड्याळ भाचीला, ल्युसील तिचं नाव, पत्ता पाकिटात. जपमाळ मठाला परत.

जमीन सुटली की आरसा आभाळाकडे फिरवा. टिपका क्लेमांला. बाकी माझं काहीही त्याला देऊ नका.

काडी शोधू नका. ती आमची दोघींची. एक चाट तिची, एक